पाच रुपयांचं अंडं

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, डाव्या हाताला, एक फुटका यक्ष आहे. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलुक याने हे केलं, एवढंच ती सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी राजमाचीच्या पोटात एका माणसाने कातळ फोडला आणि काम झाल्यावर आपलं नाव घातलं.

सरकारी कागद वाचताना मला ही ओळ हटकून आठवते. आरोग्याचा, पोषणाचा खर्च कमी करणाऱ्या एकाही कागदात 'हे आम्ही कमी केलं' असं वाक्य मला आजवर सापडलेलं नाही. पद 'रिक्त' असतं. औषध 'उपलब्ध नाही' असतं. निधी 'वर्ग' होतो. अंडं 'ऐच्छिक' होतं. वाडी 'दुर्गम' असते. कपात हा शब्द कुठेच नसतो आणि ती करणाराही कुठे नसतो. पावसासारखी ती वरून पडते आणि सगळ्यात आधी कातकऱ्याच्या छपरातून गळते.

म्हणून या आठवड्यात एका अंड्याबद्दल.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या पोराला केळं. अंड्यामागे पाच रुपये धरले होते. जानेवारी 2025 संपता संपता नवा शासन निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक. अंड्यांसाठी, साखरेसाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने तो लोकसहभागातून उभा करावा. वर्षाला 50 कोटींच्या आसपास रक्कम वाचते, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं.

लोकसहभाग. हा शब्द नीट धरून ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी हिशोब. वाडीवरची शाळा, तीस मुलं, बाजारात अंडं सहा-सात रुपयांना. आठवड्याला दोनशे रुपये लागले. ते कोणी द्यायचे? दिवाळी झाली की या वाड्यांमधली अर्धी घरं वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला जातात. दारं दोरीने बांधलेली असतात. मागे राहते आजी आणि तिच्याकडे ठेवलेली दोन नातवंडं. शाळेची समिती म्हणजे त्या आजीची सून, जी या क्षणी शंभर कोसांवर विटा थापते आहे. सरकारने लोकांकडे मागितलं, तेव्हा त्या 'लोकां'त तीच बाई धरलेली आहे.

कर्जतला दाता मिळेलही. नदीकाठाने फार्महाऊसं उभी आहेत, शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, कोणी वाढदिवसाला शंभर अंडी पाठवेल. पाठवावीत. पण मग पोराचं अंडं कोणाच्या तरी वाढदिवसावर टांगलं गेलं. अक्कलकुव्याच्या डोंगरात कोणाचा वाढदिवस येणार आहे? 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शाळेतलं शिजवलेलं जेवण हा मुलाचा हक्क ठरवला. त्यासाठी राजस्थानातल्या दुष्काळात भरलेल्या गोदामांपुढे उपाशी राहिलेल्या माणसांची बाजू मांडावी लागली होती. हक्काचं दान करून टाकायला मात्र एक शासन निर्णय पुरला.

मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तो शब्द.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. सरकारच्याच कागदात तेव्हा लिहिलेलं होतं, की दवाखाना नीट चालतो की नाही हे ज्यांच्यासाठी तो आहे त्यांनी तपासायचं. महाराष्ट्रात 2007 मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्य पातळीवर पुण्याच्या 'साथी' संस्थेने ती सांभाळली, जन आरोग्य अभियानातले कार्यकर्ते त्यात उतरले. पुढच्या टप्प्यात रायगड आला. कर्जतच्या वाड्यांवर दिशा केंद्र या संस्थेने असलंच काम नेलं.

काम साधं होतं, म्हणूनच ते झोंबलं. गावात बैठक बसायची. नर्सबाई महिन्यातून किती वेळा आल्या? बाळंतपणानंतरचे सातशे रुपये मिळाले की खेपाच घालायला लावल्या? डॉक्टरांनी 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी दिली का? सुईचे, सलाईनचे पैसे कोणी मागितले का? उत्तरं लोकांनी द्यायची आणि पत्रकावर रंग भरायचा. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्या उपकेंद्राचा रंग कळायचा. तो कागद गावात लागायचा आणि मग जनसुनावणी व्हायची.

जनसुनावणी ज्याने पाहिली नाही त्याला तिची ताकद कळणार नाही. सतरंजीवर बायका, समोर खुर्च्यांवर अधिकारी. एरवी उलट असतं. एरवी बाई उभी असते, साहेब बसलेले असतात आणि बाईच्या हातात अर्ज असतो. इथे बाईच्या हातात तारीख असते. 'अमुक तारखेला, अमुक वाजता, सून अडलेली होती, दाराला कुलूप होतं.' एवढं वाक्य ती बोलते आणि मांडव गप्प होतो. त्यावर 'चौकशी करतो' म्हणता येतं, पण 'असं होत नाही' म्हणता येत नाही. असल्या सुनावण्यांनंतर कितीतरी आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर औषधसाठ्याचे फलक लागले, बाहेरच्या चिठ्ठ्या थांबल्या, मागितलेले पैसे परत झाले. कायदा तोच होता, कर्मचारी तेच होते. फरक इतकाच झाला, की कोणीतरी मोजून ठेवलं होतं आणि ते चारचौघांत वाचून दाखवलं होतं.

2007 चा लोकसहभाग हा असा होता: लोक तपासतील, सरकार पैसे देईल. 2025 च्या शासन निर्णयातला लोकसहभाग म्हणजे लोकांनीच पैसे द्यायचे. तपासायचं कोणी, याबद्दल अवाक्षर नाही. अठरा वर्षांत शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटातून माणूस काढून घेतला गेला.

ब्राझीलमध्ये 1990 पासून कायदाच आहे, की प्रत्येक नगरपालिकेच्या आरोग्य परिषदेत निम्म्या जागा दवाखाना वापरणाऱ्या सामान्य माणसांच्या. 2016 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने वीस वर्षांसाठी सरकारी खर्चाला मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती केली, तेव्हा या परिषदांमधून विरोधाचा आवाज उठला. दुरुस्ती व्हायची ती झाली. पण ती कोणी केली आणि तिने काय बंद पडणार, हे तिथे उघडपणे बोललं गेलं होतं. आपल्याकडे अंडं बंद झालं, ते पोराला ताटलीकडे बघून कळलं.

पैसे नाहीत, असं सांगतात.

हे वाक्य कोंडाण्यात उभं राहून तरी कोणी म्हणू नये. इथेच उल्हासवर धरण व्हायचं होतं. शंभर कोटींच्या आतलं काम बघता बघता कागदावर सहाशे कोटींच्या पलीकडे गेलं. कार्यकर्त्या अंजली दमानियांनी माहितीच्या अधिकारात कागद बाहेर काढले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने 2016 मध्ये गुन्हा नोंदवला. दोषी कोण ते न्यायालयाने ठरवायचं. मला फक्त त्या वाढलेल्या आकड्याशी काम आहे. फुगवलेल्या त्या रकमेत राज्यातल्या सगळ्या शाळांची दहा वर्षांची अंडी बसतात.

राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 चं आहे. राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करावा, असं त्यात लिहिलेलं आहे. देशातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेला महाराष्ट्र त्याच्या बऱ्याच खाली राहिला. मे 2025 मध्ये आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख 'लाडकी बहीण'च्या हप्त्यासाठी वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्र्यांनी स्वतः त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पैसे त्याच समाजातल्या बहिणींना जातात, त्यामुळे हे नियमात बसतं, असं सरकारचं म्हणणं. माझं भांडण दीड हजार घेणाऱ्या बहिणीशी अजिबात नाही. तिला ते हवेतच. पण आश्रमशाळेतल्या तिच्याच मुलीच्या वाट्याचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले, तर घरात नवं काय आलं?

2015-16 ची एक गोष्ट विसरता कामा नये. तीव्र कुपोषित पोरांसाठी गावातच ग्राम बालविकास केंद्रं चालायची. तीस दिवस, अंगणवाडीतच, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला, सोबत औषध, सोबत आई. निधी आटला आणि ही केंद्रं बंद पडली. 2016 च्या पावसाळ्यात पालघरमधल्या मोखाडा-जव्हारची बालकं मरायला लागली, राज्यभर बोभाटा झाला, तेव्हा केंद्रं पुन्हा सुरू करायची घोषणा झाली. म्हणजे पैसे होते. ते द्यायला मढी लागली.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत चोवीस जीव गेले, त्यांतली बारा नवजात बाळं होती. प्रश्न उच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. तिथेही पहिला हिशोब मेलेल्यांचाच झाला.

आणि इर्शाळवाडी. ती तर आमच्या खालापूरची. 19 जुलै 2023 ची रात्र, चौकच्या वरचा डोंगर, ठाकरांची वाडी. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण ढिगाऱ्यातच राहिले. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्र चढलं नाही, जवानांनी भर पावसात फावड्यांनी माती उपसली. दुसऱ्या दिवशी मंत्री चढले. त्या वाटेने मंत्र्यांना चढता येतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे 'दुर्गम' हा शब्द या तालुक्यात तरी कोणी मला कारण म्हणून सांगू नये. कर्जत-खालापुरात दुर्गम काही असेल तर ते जिल्हा रुग्णालय आहे. ते अलिबागला, समुद्राच्या काठावर. आमचा गंभीर रोगी पनवेलला नाहीतर उल्हासनगरला धाडतात आणि गाडीभाडं नातेवाईक कानातलं मोडून भरतात.

मोजणाऱ्या बायकांबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण कपात सगळ्यात आधी त्यांना दिसते.

अंगणवाडीताईच्या हातात एक पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला की पट्टीचा लाल भाग येतो. म्हणजे पोर तीव्र कुपोषित. मोठ्या माणसाच्या अंगठ्याभोवती ही पट्टी गुंडाळून बघा आणि मग साडेअकराचं वेटोळं केवढंसं असतं ते मनात धरा. ताई ते रोज बघते. तिचा वजनकाटा बिघडला तर दुरुस्तीचे पैसे तिला मिळत नाहीत, पोषणाची पाकिटं आली नाहीत तर शिव्या तिला मिळतात, भाजीची-इंधनाची बिलं थकली तर किराणावाल्याचं उधार तिच्या नावावर चढतं.

याच बायका 11 सप्टेंबर 2017 पासून संपावर गेल्या. तेव्हा सेविकेला महिन्याला पाच हजार मिळत होते. जवळजवळ महिनाभर अंगणवाड्या बंद राहिल्या, मानधन साडेसहा हजारांवर आलं. पुढे मार्च 2018 मध्ये सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा लावला, म्हणजे संप केला तर गुन्हा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगिती द्यावी लागली. सेवा अत्यावश्यक आणि सेविका मानसेवी, या दोन गोष्टी एकाच सरकारच्या तोंडी एकाच वेळी होत्या. डिसेंबर 2023 मध्ये त्या पुन्हा बाहेर पडल्या, बावन्न दिवस. मागोमाग गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये देशभरातल्या आशांचा गौरव केला होता. त्या गौरवाने घरात तांदूळ येत नाही, हे सांगायला त्यांना कल्याणची गाडी पकडून मुंबई गाठावी लागली. नेरळच्या, भिवपुरीच्या फलाटावर त्यांची गर्दी बघून कोणी कपाळाला आठी घातली असेल, तर त्याने आपल्या घरातल्या बाळाला लसीकरणाला कोणी बोलावून नेलं ते आठवून बघावं.

संप मानधनासाठी होता, खरं आहे. पण सेविकेचं मानधन ही मुलाच्या ताटातलीच गोष्ट आहे. ताई थकली, सोडून गेली, जागा रिक्त राहिली, शेजारच्या वाडीच्या ताईकडे दोन अंगणवाड्यांचा भार गेला, की वाडीवरची अंगणवाडी दोन दिवसांआड उघडते. आणि याला कोणत्याच कागदात कपात म्हणत नाहीत.

हातात साधनं नाहीत असं नाही. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी करायची आणि तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. चाळीस मुलांची नावं लिहून काढायला एक संध्याकाळ लागते. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, अर्जाला दहा रुपये. गाव आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती प्रत्येक गावात असते, तिचं खातं असतं, तिच्या नावावर गावासाठी निधी येतो. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, पासबुकात किती शिल्लक आहे? मी ज्या ज्या वाडीवर हे विचारलं, तिथे बहुतेक बायकांना आपणच तिच्या सदस्य आहोत हे माहीत नव्हतं. सही मात्र त्यांची घेतलेली होती.

याच मातीत माथेरानच्या भाई कोतवालांनी दुष्काळात शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं उभी केली. सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून. पुढे कशेळ्याच्या एका संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्यकोश चालवले. तेव्हा लोकसहभाग काय असतो हे या तालुक्याला मंत्रालयाने शिकवायची गरज नाही. इथल्या माणसाने पायलीभर भात दुसऱ्यासाठी बाजूला काढलेला आहे. सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला इंग्रजांशी लढताना कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील गेले, ते सरकारने आपली जबाबदारी लोकांवर टाकावी म्हणून गेले नाहीत.

गेल्या पावसात एका वाडीवर चढलो होतो. वर पोचेपर्यंत कपडे पिळून निघाले. एका घरात दहावीची परीक्षा दिलेली मुलगी शंभर पानी वही घेऊन बसली होती. तिची वहिनी सात महिन्यांची गरोदर. वहिनीला तपासायला कोण कधी आलं हे ती लिहून ठेवत होती. कोणी सांगितलं म्हणून नाही. आदल्या वर्षी थोरल्या वहिनीचं बाळ वाटेतच गेलं होतं, झोळीत, आणि नंतर कोणीतरी म्हणालं होतं की तुम्ही तपासणीला येतच नाही. खोटं होतं. पण तारखा कोणाकडेच नव्हत्या.

आता होत्या. निळ्या बॉलपेनने, रेघ मारून. आषाढ लागल्यापासूनच्या पाच नोंदी मी वाचल्या. पहिल्या दोनवर 'आल्या, वजन केलं, गोळ्या दिल्या'. तिसरीवर 'आल्या, गोळ्या नव्हत्या'. चौथीवर फक्त तारीख आणि पुढे फुली. पाचवीपुढे तिने लिहिलं होतं, 'वहिनीचे पाय सुजलेत. खाली कोणीच नाही. उद्या पुन्हा जाणार.'